लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस उदास असतो, मग चालल्यानं मन सुधारतं म्हणतेत ते खरं का?

अक्कलकोटरोड_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात अकाउंटला आहे. सकाळी साडेनऊला बसलो की रात्री आठपर्यंत खुर्ची, टॅली आणि जीएसटी, चहासुद्धा जागेवरच येतो. गेल्या पावसाळ्यापासून मन कशातच लागत नाहीये, रात्री तीनला झोप तुटते ती तुटतेच, मग पहाटेपर्यंत तेच तेच विचार, बायकोनं साधं काय विचारलं तरी चिडचिड होते, पोरगी खेळायला ये म्हणली तरी उठावं वाटत नाही आणि त्याचं परत वाईट वाटत बसतं. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. डिप्रेशन आहे, पण सुरुवातीचं आहे म्हणाले, रात्रीची एक गोळी दिली आणि त्याच कागदावर खाली लिहून दिलं, रोज अर्धा तास भरभर चालणे.

गोळीचं समजलं. चालण्याचं काय डोक्यात बसेना. कारण सांगतो. माझे वडील उभं आयुष्य लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते, चार चार लूम एकटे बघायचे, या लूमवरनं त्या लूमवर, धोट्यातली कांडी बदल, तुटलेला धागा जोड, पाळी बारा तासांची, त्यात आठवडाभर दिवसपाळी आणि आठवडाभर रातपाळी. आता हालचालीनं मन ताजं राहत असतं तर सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातली लूमवरची सगळी माणसं आनंदात राहायला पाहिजे होती ना? बाबा घरी आले की कुणाशी बोलायचे नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं थकले असतील, आता माझं असं झाल्यावर वाटतंय ते नुसतं थकणं नव्हतं.

म्हणून विचारतो, चालण्यानं मेंदूत खरंच काय होतं का, का आपलं डॉक्टर लोक सगळ्यांनाच सांगतेत तसं सांगितलंय? आणि उठायचीच इच्छा नसते तेव्हा सुरुवात कशी करायची हे पण कुणी सांगा.

सातरस्ता_फिजिओ

दादा, बाबांबद्दल तुम्ही जे विचारलंय ते फार खरं विचारलंय, त्याचंच उत्तर आधी देते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे लूमवरची माणसं खांदा, कंबर, गुडघा घेऊन कायम येतात.

कामातले कष्ट आणि स्वतःच्या मर्जीनं केलेली हालचाल यांचा मनावर सारखा परिणाम होत नाही. जगभरातले बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेलेत, त्यात फिरायला जाणं, खेळणं, सायकल, अगदी चालत कामावर जाणं याचा चांगल्या मनःस्थितीशी संबंध दिसतो, पण नोकरीतल्या अंगमेहनतीचा तसा दिसत नाही, उलट ती जास्त असलेल्यांमध्ये मनाचे त्रास जास्त आढळतात. याचा अर्थ मेहनत वाईट असा नाही. ती मेहनत कुठल्या परिस्थितीत होते ते बघा. लूमवरचा माणूस दिवसभर उभा असतो पण त्याचं चालणं चार पावलांचं, मान खाली, नजर धाग्यावर, खांदे आवळलेले. छाती भरून श्वास घेत सलग वीस मिनिटं हृदयाचा वेग वाढलाय असं त्यात कधीच होत नाही. खटखट एवढी की शेजारच्याशी बोलायला कानात ओरडावं लागतं. थकलं म्हणून थांबता येत नाही कारण मजुरी मालावर. आणि पाळी दर आठवड्याला बदलली की शरीराचं घड्याळ कुठल्याच वेळेला नीट लागत नाही, आणि झोप मोडलेल्या माणसाचं मन टिकणं अवघड असतं हे तुम्ही आत्ता स्वतःच अनुभवताय. तुमच्या बाबांना हालचालीचा फायदा मिळाला नाही कारण त्यांना मिळाले ते कष्ट, आवाज आणि तुटलेली झोप.

आता मेंदूचं. आपण नेहमी ऐकतो की व्यायामानं शरीरात एंडॉर्फिन नावाचं द्रव्य सुटतं म्हणून बरं वाटतं. ते अर्धवट आहे, रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. धावल्यावर जो हलकेपणा येतो त्यात शरीर स्वतः तयार करतं त्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या द्रव्यांचा हात असावा असं २०१५ च्या उंदरांवरच्या एका जर्मन अभ्यासात दिसलं, ही द्रव्यं मेंदूपर्यंत सहज पोचतात. पण तो तात्पुरता हलकेपणा झाला. तुमच्या कामाचं त्यापुढचं आहे. नियमित चालण्यानं मेंदूत बीडीएनएफ नावाचं प्रथिन वाढायला मदत होते, पेशी टिकायला आणि त्यांच्यातले नवीन जोड तयार व्हायला ते लागतं. हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूचा एक भाग आहे, आठवणी आणि भावना दोन्हीशी त्याचा संबंध, दीर्घ डिप्रेशनमध्ये तो बऱ्याच जणांत थोडा लहान झालेला दिसतो. २०११ मध्ये अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० लोकांवर वर्षभर प्रयोग झाला, निम्मे आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायचे, निम्मे नुसते ताणाचे हलके व्यायाम करायचे. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा वयामुळे घटला. ती माणसं डिप्रेशनची नव्हती हे सांगायला पाहिजे, पण चालण्यानं मेंदूची रचना बदलू शकते एवढं त्यातून कळतं.

आणि थेट डिप्रेशनवरचं म्हणाल तर १९९९ चा ड्यूक विद्यापीठाचा अभ्यास बघा. पन्नाशीच्या पुढची १५६ माणसं, तीन गट, एकाला गोळी, एकाला आठवड्यातून तीनदा व्यायाम, एकाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखे सुधारले. गोळीचा गुण लवकर दिसला, व्यायामाचा उशिरा. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिलंय ते बरोबर लिहिलंय, गोळी आधी हात देईल.

पूर्वभागची_लेक

भाऊ, मी तुमच्याच भागातली. माझी आई विड्या वळायची, अजून पण मावशी, काकू सगळ्या वळतात. मांडीवर सूप, मान खाली, हजार विड्यांचा हिशोब डोक्यात, आणि पानं खराब निघाली की तेवढ्या विड्या बाजूला काढतात मग ते वेगळंच टेन्शन. ही बाई दिवसभर कामात असते पण हलतात फक्त बोटं. आमच्या वसाहतीत कंबरदुखी, गुडघेदुखी सगळ्या बोलतात, मनाचं मात्र कुणी नाव काढत नाही, "डोस्कं जड झालंय" एवढंच म्हणतात.

मी काय बघितलंय ते सांगते. नवरात्रात बतुकम्मा, आपला तेलुगू बायकांचा फुलांचा सण असतो तेव्हा याच बायका संध्याकाळी फुलं रचून गोल धरून टाळ्या वाजवत वाकत फिरतात, गाणी म्हणतात, तासभर सुद्धा. त्या दिवसांत त्यांचे चेहरे बघा. गुडघा दुखतो म्हणणारी मावशी सगळ्यात पुढं. मला आधी वाटायचं सणाचा आनंद आहे. पण मग आम्ही तीन-चार जणींनी ठरवलं की विडी कंपनीच्या ब्रँचला विड्या देऊन येताना रिक्षा नको, चालत यायचं, आणि वाटेत बोलायचं ते विड्यांवर नाही. हळूहळू बायका वाढल्या. एक काकू आहेत, मुलगा गेल्यापासून घराबाहेर निघत नव्हत्या, त्या आधी नुसत्या कोपऱ्यापर्यंत यायच्या आणि परत जायच्या, आम्ही कुणी काही म्हणलं नाही. आता पूर्ण येतात. रडतात पण वाटेत, रडत रडत चालतात, ते पण चालतंय.

तर माझं म्हणणं एवढंच की एकटं जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. तुम्ही नाही उठलात तरी तो दारात येऊन उभा राहतो.

सातरस्ता_फिजिओ

ताई किती छान लिहिलंत. एकत्र, एका लयीत हलण्याला खरंच वेगळा गुण आहे. ऑक्सफर्डमध्ये २०१० च्या सुमारास होडी वल्हवणाऱ्या खेळाडूंवर छोटासा अभ्यास झाला होता, तोच व्यायाम तेवढ्याच जोरानं एकट्यानं केला आणि सगळ्यांनी मिळून केला, तर मिळून केल्यावर वेदना सहन करायची ताकद जास्त वाढलेली दिसली. आपल्याकडं हे सगळं आधीपासून आहेच. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदी (पांढरा अंगरखा) घालून उंच जड नंदीध्वज पेलणारी पोरं बघा, त्याआधी सराव चालतो त्याला गल्लीतले सगळे जमतात. आणि कोजागरीला सोलापुरातनं तुळजापूरला हजारो लोक चालत जातात, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, ज्यांना एरवी चौकापर्यंत गाडी लागते ते पण. फक्त वर्षातनं एकदा एवढं चालून मनाला टिकाऊ उपयोग होत नाही, पाय मात्र आठवडाभर दुखतात. थोडं आणि वारंवार, हेच कामाला येतं.

हिशोबी_माणूस

मला यात थोडी शंका मांडायची आहे, वाईट वाटून घेऊ नका. एक म्हणजे कामातल्या हालचालीचा फायदा नाही हे पटत नाही. लंडनच्या डबलडेकर बसवर १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी अभ्यास छापला होता, ड्रायव्हर बसून असायचा आणि कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करायचा, तर कंडक्टरला हृदयविकार कमी. ती नोकरीतलीच हालचाल होती.

दुसरं, व्यायामानं डिप्रेशन जातं म्हणणारे बरेच अभ्यास कच्चे असतात. व्यायाम करणाऱ्याला माहीत असतं की आपण व्यायाम करतोय, गोळीच्या अभ्यासात देतात तशी औषध नसलेली खोटी गोळी इथं देता येत नाही. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात एकूण फायदा मध्यम दिसला पण फक्त चांगल्या दर्जाचे अभ्यास घेतले तर तो बराच कमी झाला. आणि ज्या माणसात व्यायाम करायची ताकद उरलीय तोच व्यायाम करतो आणि तोच बरा दिसतो, असं पण असेल की. मग ज्याला जमत नाही त्याला वाटणार की माझ्यातच खोट आहे. ही भीती मला जास्त वाटते.

सातरस्ता_फिजिओ

शंका रास्त आहेत. मॉरिसचा अभ्यास हृदयाचा होता, मनाचा नव्हता, आणि कंडक्टर जिने चढायचा, माणसांशी बोलायचा, त्याची तुलना लूमवर एका जागी बारा तास उभ्या माणसाशी होत नाही. मी हालचाल कामातली म्हणून निरुपयोगी असं म्हणत नाहीये, ती कशी घडते त्यावर आहे.

दुसरा मुद्दा मात्र मान्य. म्हणूनच ड्यूकच्याच लोकांनी २००७ मध्ये पुन्हा मोठा अभ्यास केला, २०२ माणसं, यावेळी खोट्या गोळीचा गट पण ठेवला. चार महिन्यांनी पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांत ४५ टक्के, घरी स्वतः करणाऱ्यांत ४०, खऱ्या गोळीत ४७ आणि खोट्या गोळीत ३१. म्हणजे फरक आहे, पण चमत्कार नाही. आणि खोट्या गोळीवर सुद्धा जवळपास एक तृतीयांश माणसं सुधारली हे पण बघा. त्यानंतर २०२४ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २१८ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, त्यात चालणं-जॉगिंग, योग आणि वजनं उचलण्याचे व्यायाम हे जास्त उपयोगी दिसले, पण अनेक अभ्यास कच्चे आहेत हे त्यांनीही स्पष्ट लिहिलंय. मी पेशंटला एवढंच सांगते की चालणं उपचाराचा एक भाग आहे, अख्खा उपचार नाही.

कंबरतलाव

इथं एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला मागे मोठं डिप्रेशन होतं, सौम्य नव्हे. तेव्हा घरातले, मित्र, शेजारी सगळे म्हणायचे बाहेर पड, फिर, जिम लाव, बरं वाटेल. त्यांना माहीत नव्हतं की मला तांब्या उचलून पाणी प्यायला अर्धा तास लागतोय. प्रत्येक वेळी कुणी "जरा फिरून ये" म्हणलं की मला ऐकू यायचं की तू आळशी आहेस. त्या दिवसांत मला चालण्यानं नाही, गोळ्यांनी आणि माझ्या बहिणीनं वाचवलं, ती रोज येऊन नुसती बसायची. जेव्हा औषधांनी डोकं थोडं वर आलं तेव्हा काउन्सेलर ताईंनी जे शिकवलं ते कामाला आलं. त्या म्हणाल्या इच्छा होईल मग उठेन असं ठेवू नका, या आजारात इच्छा आधी येतच नाही, आधी छोटी कृती करायची आणि इच्छा मागनं येते, याला बिहेवियरल अॅक्टिव्हेशन म्हणतात. पण कृती एवढी छोटी की न जमण्याचा प्रश्नच नको. माझं पहिलं काम होतं चप्पल घालून दारात उभं राहायचं. चालायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मग गेट. मग कोपऱ्यावरची पानटपरी. विजापूर रोडच्या संभाजी तलावापर्यंत पोचायला मला फार वेळ लागला, आणि मध्ये आठवडेच्या आठवडे परत दारातच थांबलो.

अक्कलकोट रोडवाल्या दादा, तुम्ही ऑफिसला जाताय, काम करताय, इथं एवढं लिहिताय म्हणजे तुम्हाला चालणं जमेल असं मला वाटतं. पण ज्या दिवशी नाही जमलं त्या दिवशी स्वतःला शिव्या घालू नका एवढं माझं ऐका. आणि कधी जगावंसंच वाटेना असं मनात आलं, तुमच्या किंवा हे वाचणाऱ्या कुणाच्याही, तर तेव्हा फिरायला जायचं नाही, फोन करायचा. टेलीमानस म्हणून सरकारची सेवा आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे तरी आपल्याकडं अजून लोकांना माहीत नाही.

अक्कलकोटरोड_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. बाबांचं वाचून घरात बायकोला पण दाखवलं, आम्ही दोघं बराच वेळ त्यावर बोलत बसलो. कंबरतलाव दादा, तसं टोकाचं मनात काही येत नाही, पण नंबर सेव्ह केला.

आता अडचणी. सकाळी पाणी यायचा दिवस असला की पहाटेपासून मोटार, बॅरल, टाकी, तो अख्खा वेळ त्यात जातो आणि पाण्याची वेळ पण ठरलेली नसते. रात्री आठनंतर जेवण करून निघालो तर रस्त्यावर कुत्री. आणि मार्च लागला की आपल्याकडं आठ वाजताच ऊन चटके द्यायला लागतंय. अर्धा तास सलग पाहिजेच का? आणि एक विचारायचं राहिलं, मागच्या आठवड्यात जिना भरभर चढलो तर छातीत धडधड वाढली आणि एकदम घाबरल्यासारखं झालं, तेव्हापासून जोरात चालायला भीती वाटतेय.

सातरस्ता_फिजिओ

धडधडीचं आधी. एकदा डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या, बीपी आणि हिमोग्लोबिन पण बघून घ्या, बसून काम आणि वय बघता ते करायलाच पाहिजे. चालताना छातीत दुखलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, चक्कर आली तर थांबायचं आणि सरळ दवाखाना. सगळं ठीक निघालं तर समजा की ती धडधड म्हणजे हृदय आपलं काम करतंय. काळजी जास्त असलेल्या माणसाला धडधड आणि धाप या गोष्टी धोक्यासारख्या वाटायला लागतात कारण घाबरल्यावर पण शरीरात हेच होतं. हळूहळू चालण्याचा वेग वाढवला की शरीराला परत ओळख पटते की धडधड झाली तरी काही वाईट होत नाही, ती आपोआप खाली येते. एन्झायटीवर व्यायामाचा हा एक मोठा उपयोग आहे. वेग किती तर सोबतच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढा.

सलग अर्धा तास नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितलीय, आणि पूर्वी एका वेळी निदान १० मिनिटं तरी पाहिजेत अशी अट होती ती त्यांनी काढून टाकली. थोडं थोडं धरलं तरी चालतं, आणि १५० झाली नाहीत तरी काहीच नसण्यापेक्षा थोडं असणं बरं हे पण त्यांनीच लिहिलंय. पाण्याच्या दिवशी चालायचं नाहीच असं धरा, बॅरल उचलणं पुरे झालं. बाकीच्या दिवशी ऑफिसला रिक्षा किंवा गाडी दोन चौक अलीकडं थांबवा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात सावलीच्या बाजूनं दोन फेऱ्या मारा, टॉवेलच्या गोडाऊनमध्ये लांबच्या लांब रांगा असतातच, त्यातनं चाला. तासातनं एकदा उठून पाणी प्यायला स्वतः जा, चहा जागेवर मागवू नका.

पण आठवड्यातनं दोन-तीन वेळा तरी सकाळचं जमवा, उन्हाळ्यात साडेसहाच्या आत. तुमची झोप तीनला तुटतेय म्हणून मुद्दाम सांगते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ जागेवर यायला मदत होते आणि रात्रीची झोप सुधारते, ऑफिसातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात ते होत नाही, बाहेरचा उजेड ढगाळ दिवशी पण त्याच्या कितीतरी पट असतो. सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं किल्ल्याच्या बाजूला सकाळी बरीच माणसं असतात, कुत्र्यांची भीती नाही, सावली पण आहे. रविवारी पोरीला घेऊन जा. तिच्याबरोबर धावावं लागलं तर ते चालण्यातच धरा.

आणि गोळी. चार-सहा आठवड्यांत बरं वाटायला लागेल तेव्हा चालणं जमतंय आता गोळी कशाला असं वाटेल, बहुतेकांना वाटतं. स्वतःहून बंद करू नका, हळूहळू कमी करायची असते आणि कधी ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पुढच्या भेटीला जाताना झोप कधी लागली, कधी तुटली आणि त्या दिवशी चाललात का एवढं एका वहीत लिहून न्या, त्यांना डोस ठरवायला उपयोग होईल.

पूर्वभागची_लेक

भाऊ, पूर्व भागात कुठं राहता ते इथं लिहू नका, पण वहिनींना यायचं असेल तर मला मेसेज करा. आम्ही संध्याकाळी साडेसहाला निघतो, कुत्र्यांचं काही नाही, दहा-बारा जणी असतो.